ऱ्हाइनच्या वळणावरचे रीसलिंग

आल्प्समधून निघालेली ऱ्हाइन नदी उत्तरेच्या समुद्राकडे जाते. माइन्झ आणि व्हीसबाडेन या शहरांपाशी मात्र टाउनुसचे डोंगर तिच्या वाटेत आडवे येतात आणि ती पश्चिमेला वळते. जवळपास तीस किलोमीटर डोंगराच्या पायथ्याने वाहून रूडेसहाइमपुढे ती पुन्हा उत्तरेची वाट धरते. या वळणाच्या उजव्या काठावर जो दक्षिणेकडे तोंड केलेला उतार आहे, तोच ऱ्हाइनगाउ. पूर्वेला माइन नदीकाठचे होखहाइम आणि पश्चिमेला लोर्श ही गावेही याच प्रदेशात मोजली जातात. इथली द्राक्षलागवड सुमारे ३,२०० हेक्टर आहे. जर्मनीतील एकूण द्राक्षक्षेत्र एक लाख हेक्टरांहून थोडे अधिक, म्हणजे ऱ्हाइनगाउचा वाटा जेमतेम ३ टक्के. तरी जर्मन वाइनच्या इतिहासातील निम्म्याअधिक गोष्टी या चिंचोळ्या पट्ट्यात घडलेल्या दिसतात.

उत्तरेचा ५० वा अक्षांश या पट्ट्यातून जातो. नाशिक २० व्या अक्षांशावर आहे, हे लक्षात घेतले की द्राक्षवेलीच्या दृष्टीने ही जागा किती अवघड आहे ते कळते. नाशिककडे वेल कधी झोपतच नाही, म्हणून तिथे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळ छाटणी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात. ऱ्हाइनगाउतली वेल हिवाळाभर निपचित पडून असते. तिची छाटणी एकदाच होते आणि फळ पिकायला ऑक्टोबर उजाडतो. अशा ठिकाणी थोड्याशा उबेलाही मोल येते. टाउनुसची रांग उत्तरेचे गार वारे अडवते, उतारामुळे कलत्या सूर्याचे किरण जमिनीवर सरळ पडतात आणि काही ठिकाणी किलोमीटरभर रुंद होणारी नदी दिवसाची ऊब रात्रीपर्यंत धरून ठेवते. शरद ऋतूत त्याच नदीवरून पहाटेचे धुके वर चढते. या धुक्याचे काम पुढे येईल.

या पट्ट्यातील सुमारे तीन चतुर्थांश क्षेत्रावर रीसलिंग हे एकच पांढरे द्राक्ष आहे. त्याचे मणी लहान, साल बेताची आणि आंबटपणा भरपूर. ते पिकते उशिरा, पण त्याचे लाकूड कडाक्याची थंडी सोसते. त्याचा रस सहसा नव्या ओकच्या पिंपात ठेवत नाहीत, कारण लाकडाचा वास द्राक्षाच्या वासावर कुरघोडी करतो. स्टीलच्या टाक्या किंवा १,२०० लिटरची जुनी मोठी पिंपे ही इथली रीत. अशा पिंपाला ‘श्ट्युक’ म्हणतात आणि जुने लोक अजून वाइनचा हिशेब श्ट्युकात करतात. रीसलिंग जिथे उगवते त्या मातीचा गुण उचलते, असे सगळेच सांगतात. त्यात विज्ञान किती आणि अभिमान किती, यावर वाद आहे. वाद नाही तो त्याच्या आयुर्मानाविषयी. आंबटपणाच्या जोरावर चांगले रीसलिंग बाटलीत कित्येक दशके टिकते. जुने झाले की त्याला चक्क रॉकेलसारखा वास येतो. नवख्याला बाटली बिघडली असे वाटते, जाणकार त्याच वासासाठी पैसे मोजतो.

रीसलिंगचा सर्वांत जुना म्हणून ओळखला जाणारा लेखी उल्लेख याच परिसरातला आहे. होखहाइमच्या समोर, माइन नदीपलीकडे रुसल्सहाइम येथे काट्झेनएल्नबोगेनच्या काउंटची गढी होती. १४३५ साली तिच्या हिशेबवहीत रीसलिंगच्या रोपांसाठी दिलेल्या २२ शिलिंगांची नोंद झाली. मात्र त्यानंतर जवळपास तीन शतके हे द्राक्ष इतर जातींच्या गर्दीत मिसळूनच लावले जात होते. ते वेगळे काढण्याचे मोठे काम झाले योहानिसबर्गच्या टेकडीवर.

श्लॉस योहानिसबर्ग नदीकाठच्या कोणत्याही वळणावरून दिसते. गोल टेकडी, तिच्यावर पिवळसर प्रासाद आणि खाली नदीपर्यंत घसरत गेलेल्या वेलींच्या ओळी. इ. स. ११०० च्या सुमारास बेनेडिक्टाइन भिक्षूंनी येथे मठ बांधला आणि तो संत योहान याला वाहिला. टेकडीचे नाव त्यावरून. सोळाव्या शतकात मठ बंद पडला आणि तीस वर्षांच्या युद्धात त्याची पडझड झाली. १७१६ साली फुल्डाच्या राजमठाधिपतीने तो विकत घेतला आणि १७२०-२१ मध्ये या उतारावर २ लाख ९४ हजार रोपे लावली. सगळा उतार एकाच जातीच्या हवाली करणे हा तेव्हा धाडसाचाच व्यवहार होता. हंगाम फसला तर सांभाळून घ्यायला दुसरे द्राक्ष नव्हते.

याच मळ्यात १७७५ साली उशिराची प्रसिद्ध कापणी झाली. तोडणी कधी सुरू करायची याची परवानगी मालकाकडून, म्हणजे सुमारे दीडशे किलोमीटरवरच्या फुल्डाहून, आणावी लागे. त्या वर्षी निरोप्या ठरलेल्या दिवसापेक्षा कितीतरी उशिरा परतला. का, हे कोणालाच ठाऊक नाही. त्यामुळे आजारपण, दरोडेखोर आणि बाई असे तिन्ही तर्क पर्यटकांना आळीपाळीने ऐकवले जातात. तोवर घडांवर बुरशी चढून मणी सुरकुतले होते. तरीही ते तोडले, गाळले आणि पुढच्या वसंतात पिंप उघडले, तर आतली वाइन तळघराच्या लोकांनी कधी चाखली नव्हती इतकी गोड आणि दाट निघाली. उशिरा तोडणीला जर्मनमध्ये ‘श्पेटलेझे’ म्हणतात. त्या घोडेस्वाराचा पुतळा आज प्रासादाच्या अंगणात उभा आहे. उशीर केल्याबद्दल पुतळा मिळालेले लोक जगात फार नसतील.

कथेतला चमत्कार जरा बाजूला ठेवला तर त्यामागे नदीचे धुके आहे. बोट्रायटिस नावाची बुरशी दमट हवेत द्राक्षावर बसते आणि सालीला सूक्ष्म छिद्रे पाडते. सकाळी धुके आणि दुपारी कोरडे ऊन असे चक्र चालले, तर छिद्रांतून पाणी उडून जाते आणि मण्यात साखर व आम्ल यांचा अर्क उरतो. दुपारचे ऊन पडले नाही तर तीच बुरशी घड सडवते. बुरशी म्हटले की फवारणीचा पंप उचलणाऱ्या बागायतदाराला हे उलटे वाटेल, पण इथे तिला ‘उदात्त सड’ म्हणतात. ही युक्ती योहानिसबर्गने पहिल्यांदा शोधली असे मात्र नाही. हंगेरीतील टोकाय येथे शतकभर आधीपासून सुरकुतलेल्या मण्यांची वाइन होत होती. योहानिसबर्गचे श्रेय असे की त्याने अपघाताचा रिवाज केला. आधी सगळीच तोडणी लांबवायची, मग निवडक घड, नंतर निवडक मणी आणि शेवटी वेलीवरच मनुक्यासारखे झालेले मणी वेचायचे, अशी उतरंड हळूहळू तयार झाली. काबिनेट, श्पेटलेझे, आउसलेझे, बेरेनआउसलेझे आणि ट्रॉकेनबेरेनआउसलेझे हे जर्मन बाटल्यांवरचे घाबरवणारे शब्द म्हणजे हीच उतरंड. रसात साखर किती, यावरून पायरी ठरते. तिचे माप ओएक्सले अंशात घेतात : एक लिटर रस एक लिटर पाण्यापेक्षा जितके ग्रॅम जड, तितके अंश. १८५८ साली योहानिसबर्गने वेलीवर गोठलेल्या द्राक्षांची ‘आइसवाइन’ही काढली. या घराण्यात पायऱ्या बाटलीच्या मुखावरील लाखेच्या रंगांनी ओळखल्या जातात. पिवळा साध्या दर्जेदार वाइनचा, तांबडा काबिनेटचा, हिरवा श्पेटलेझेचा आणि निळा आइसवाइनचा.

मालकीच्या बाबतीत ही टेकडी युरोपच्या राजकारणाची पाटीच आहे. १८०२ मध्ये चर्चची मालमत्ता खालसा झाल्यावर ती ऑरेंज-नासाउच्या राजपुत्राकडे गेली, त्याच्याकडून नेपोलियनने काढून घेऊन आपला सेनापती केलरमान याला दिली आणि नेपोलियन पडल्यावर १८१६ साली ऑस्ट्रियाच्या सम्राटाने ती आपला परराष्ट्रमंत्री मेटरनिख याला बक्षीस केली. अट एकच, उत्पन्नाचा दहावा हिस्सा हॅब्सबर्ग घराण्याला पोचला पाहिजे. १९४२ च्या बॉम्बहल्ल्यात प्रासाद जळाला, तळघरे वाचली. आता हे घराणे ओएटकर कुटुंबाच्या उद्योगसमूहाकडे आहे. तळघराच्या एका कोपऱ्यात जाळीआड जुन्या बाटल्यांचे ‘भूमिगत ग्रंथालय’ असून त्यातील सर्वांत जुनी बाटली १७४८ ची आहे. नावाचा दरारा असा की अमेरिकेत २००६ पर्यंत कुठलेही अस्सल रीसलिंग ‘योहानिसबर्ग रीसलिंग’ या नावाने विकले जाई. स्वित्झर्लंडमध्ये तर याच नावाने भलतेच द्राक्ष विकतात.

योहानिसबर्गहून पूर्वेला, डोंगराच्या कुशीत, एबरबाखचा मठ आहे. १९८५-८६ च्या हिवाळ्यात ‘द नेम ऑफ द रोझ’ चित्रपटाच्या अंतर्दृश्यांचे बरेचसे चित्रीकरण इथे झाले, त्यामुळे त्याच्या कमानी अनेकांना न जाताही ओळखीच्या आहेत. ११३६ साली फ्रान्समधील क्लेअरव्होहून सिस्टर्शियन भिक्षू येथे आले. अंगमेहनत हा त्यांच्या नियमाचा भाग होता, आणि हिशेब हा त्यांचा गुण. मठाच्या स्वतःच्या होड्या वाइन घेऊन कोलोनला जात आणि तिथे मठाचे कोठार होते. बाराव्या शतकात त्यांनी जंगल साफ करून श्टाइनबर्ग हा मळा उभा केला. ३० हेक्टरांहून मोठ्या या मळ्याला अठराव्या शतकात चहूबाजूंनी उंच दगडी भिंत घातली गेली. भिंतीने वारा अडतो आणि चोरही. भिक्षूंना यांपैकी कशाची अधिक काळजी होती, हे सांगणे कठीण.

मठाने १५०० साली सुमारे ७० हजार लिटरचे एक अजस्र पिंप बांधले होते. १५२५ च्या शेतकरी बंडात जवळच तळ ठोकून बसलेल्या बंडखोरांनी ते बऱ्यापैकी रिकामे केले. बंड चिरडले गेले, पिंप पुन्हा कधी पूर्वीसारखे भरले नाही. मठातील उत्तम वाइन वेगळ्या खोलीत, ‘काबिनेट’मध्ये, ठेवण्याची पद्धत होती. या शब्दाचा पहिला मान आपला, असे एबरबाखप्रमाणेच शेजारची घराणीही सांगतात. गंमत अशी की कुलपात ठेवायच्या वाइनचे हे नाव १९७१ च्या वाइन कायद्याने उतरंडीच्या सर्वांत खालच्या पायरीला देऊन टाकले. १८०३ मध्ये मठ बरखास्त झाला. नासाउचे ड्यूक, १८६६ नंतर प्रशिया आणि दुसऱ्या महायुद्धानंतर हेसन राज्य अशी मालकी बदलत गेली. २००३ पासून राज्याच्या मालकीची कंपनी कारभार पाहते. सुमारे २५० हेक्टर बागांसह हे जर्मनीतील सर्वांत मोठे वाइन घराणे आहे. मठबंधूंच्या जुन्या भोजनगृहात आज ताटांऐवजी बारा प्रचंड लाकडी द्राक्षदाबे मांडलेले आहेत. सरकारी कारखाना म्हटल्यावर जी मरगळ डोळ्यांपुढे येते तिचा एक काळ एबरबाखनेही पाहिला. श्टाइनबर्गच्या भिंतीला लागून २००८ साली उभारलेल्या आधुनिक तळघराने ती बरीचशी झटकली.

श्लॉस फोलराड्सची गोष्ट याहून खासगी आणि दुःखद आहे. ग्राइफेनक्लाउ घराण्याच्या वाइनविक्रीचा कागद १२११ चा आहे. पाण्यात उभा असलेला त्यांचा निवासी बुरूज चौदाव्या शतकातला. पिढ्यान्‌पिढ्या एकाच कुटुंबाकडे राहिलेला हा मळा १९७० च्या दशकात काउंट एर्वाइन माटुश्का-ग्राइफेनक्लाउ यांच्याकडे आला. तेव्हा जर्मन वाइनची अब्रू पार घसरली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऱ्हाइनच्या उत्तम बाटल्या बोर्डोच्या नामांकित बाटल्यांच्या बरोबरीने, कधी वरचढ भावाने विकल्या जात. दोन महायुद्धांनी ते गिऱ्हाईक मोडले, आणि नंतर स्वस्त, साखरपाणी लागणाऱ्या निर्यातीच्या वाइनने उरलेसुरले नाव धुऊन नेले. रीसलिंग जेवणासोबत घ्यायचे तर ते कोरडे, म्हणजे रसातली साखर जवळजवळ पूर्ण आंबवलेले, असले पाहिजे, हे काउंटनी जगभर फिरून सांगितले. रूडेसहाइमच्या बेर्नहार्ड ब्रॉयर यांच्यासह त्यांनी १९८४ मध्ये ‘खार्टा’ ही उत्पादकांची संघटना स्थापन केली. तिच्या उंच बाटलीवर रोमनेस्क कमानींची खूण असे आणि चाचणीत उतरल्याशिवाय वाइनला ती बाटली मिळत नसे. ऱ्हाइनगाउची चव गोडाकडून कोरड्याकडे वळवण्यात या संघटनेचा वाटा मोठा आहे. पण फोलराड्स कर्जात बुडत गेले. १९९७ साली काउंटचा मृत्यू झाला आणि मळा नासाउच्या बचत बँकेच्या ताब्यात आला. आठशे वर्षांच्या वाइनघराण्याची मालक आज एक बँक आहे, आणि निष्पक्षपणे सांगायचे तर ती ते नीट चालवते.

कीड्रिश गावातील रॉबर्ट वाइल हे घराणे या सगळ्यांपुढे कालचे. डॉ. रॉबर्ट वाइल पॅरिसमध्ये जर्मन शिकवत. १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धामुळे त्यांना मायदेशी परतावे लागले आणि १८७५ मध्ये त्यांनी कीड्रिशमध्ये बस्तान बसवले. त्यांनी घेतलेले घर जॉन सटन या इंग्रज सरदाराचे होते, ज्याने गावातील गॉथिक चर्च आणि त्यातला जुना ऑर्गन पदरचे पैसे घालून दुरुस्त केला होता. गावामागच्या ग्रेफेनबर्ग या उतारावरची १८९३ ची आउसलेझे व्हिएन्नाच्या शाही दरबाराने विकत घेतली, तेव्हापासून वाइल हे नाव मोठ्यांच्या पंगतीत आले. १९८८ मध्ये जपानच्या सनटोरी कंपनीने यात मोठा हिस्सा घेतला. गावाने नाके मुरडली असतील, पण चौथ्या पिढीतील व्हिल्हेल्म वाइल यांच्या हाती कारभार राहिला आणि जपानी भांडवलाने जे साधले ते जुन्या सरदारांना जमले नव्हते. एकाच उतारावर अनेकदा फिरून, पिकेल तसा मणी तोडायला मजूर लावायचे म्हणजे पैसा लागतो. फिकट निळे लेबल आणि ग्रेफेनबर्गच्या गोड वाइन ही या घराण्याची ओळख. नदीपासून दूर आणि उंचावर असल्यामुळे ग्रेफेनबर्गला वारा अधिक लागतो, घड उशिरा पिकतात आणि आंबटपणा शाबूत राहतो.

पश्चिम टोकाकडे रूडेसहाइम येते. पर्यटकांची झुंबड, गाणीबजावणी आणि अरुंद बोळातली पानगृहे यांमुळे या गावाला जत्रेचे रूप आहे. गाव ओलांडले की नदीवर कोसळल्यासारखे दिसणारे स्लेट आणि क्वार्टझाइटचे उतार लागतात. नावाआधी ‘बेर्ग’ लागलेले श्लॉसबर्ग, रोझेनेक आणि रॉटलांड हे मळे ते हेच. बेर्नहार्ड ब्रॉयर यांनी गेऑर्ग ब्रॉयर या आपल्या घराण्याच्या श्लॉसबर्ग वाइनला दरवर्षी नव्या चित्रकाराचे लेबल लावण्याची प्रथा पाडली आणि कितीतरी बाबतींत नियमांपेक्षा आपल्या जिभेवर भरवसा ठेवला. २००४ साली ते अचानक गेले. विशीतल्या त्यांच्या मुलीने, थेरेसा ब्रॉयर यांनी, सूत्रे हाती घेतली आणि वाइनची धार कमी होऊ दिली नाही. याच गावात योहानेस लाइट्झ यांनी १९८५ मध्ये आईचे फुलांचे दुकान आणि तीन हेक्टरांहूनही कमी बाग यांपासून सुरुवात केली. सड्या माणसाच्या पाठीवर झेपणार नाहीत म्हणून इतरांनी सोडून दिलेले चढाचे तुकडे त्यांनी गोळा केले. आज त्यांचे रीसलिंग अनेक देशांतील दुकानांत मिळते आणि अल्कोहोल काढून टाकलेल्या वाइनमध्येही त्यांचे नाव पुढे आहे.

दुसऱ्या टोकाच्या होखहाइमने इंग्रजीला एक शब्द दिला. ऱ्हाइनकाठच्या सगळ्याच पांढऱ्या वाइनला इंग्रज लोक ‘हॉक’ म्हणू लागले, तो या गावाच्या नावाचा तुकडा. राणी व्हिक्टोरियाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात येथे भेट दिली आणि एका मळ्याला तिचे नाव मिळाले. इथली माती चुनखडीची आणि चिकणमातीची, वाइन रूडेसहाइमपेक्षा भारदस्त. गावातील एका मळ्याचे नाव ‘हेल्ले’, म्हणजे आजच्या जर्मनमध्ये नरक. मूळ अर्थ नुसता उतार असा सांगतात. या नरकातून उत्तम वाइन काढणारे क्युन्स्टलर घराणे महायुद्धानंतर मोराव्हियातून विस्थापित होऊन आले आणि १९६५ मध्ये त्यांनी येथे मळा सुरू केला. निर्वासितांनी दोन पिढ्यांत सरदारांची बरोबरी केल्याचे हे उदाहरण.

मधल्या गायझेनहाइम गावातील संस्था कोणत्याही एका घराण्याची नाही, पण तिच्यावाचून कोणाचे चालत नाही. १८७२ मध्ये स्थापन झालेल्या या द्राक्ष व फळशास्त्राच्या शाळेत हेर्मान म्युलर या स्विस शास्त्रज्ञाने १८८२ साली संकर करून लवकर पिकणारे द्राक्ष तयार केले. रीसलिंगचा त्रास नको म्हणून निघालेले हे म्युलर-थुर्गाउ द्राक्ष पुढे जर्मनीभर पसरले, ऱ्हाइनगाउने मात्र ते फारसे घरात घेतले नाही.

कोणता उतार श्रेष्ठ, हा वाद जुना आहे. १८६७ मध्ये या प्रदेशातील मळ्यांचा प्रतवार रंगवलेला नकाशा निघाला. करवसुलीचे आकडे त्याच्यामागे होते, त्यामुळे खुशामतीला जागा कमी. १९९९ मध्ये ऱ्हाइनगाउने ‘पहिल्या प्रतीचे मळे’ कायद्याने ठरवले, तेव्हा प्रदेशाचा सुमारे एक तृतीयांश भाग पहिल्या प्रतीत बसवला गेला. वर्गातली एक तृतीयांश मुले पहिली यावीत, तसा हा निकाल होता, आणि टीकाही तशीच झाली.

आता या क्रमवारीवर हवामान शेरे मारू लागले आहे. पूर्वी दहा वर्षांत तीन-चारदाच द्राक्ष नीट पिके. आता न पिकण्याची काळजी जवळजवळ उरलेली नाही, उलट आंबटपणा टिकवण्यासाठी तोडणी लवकर करावी लागते. नदीकाठच्या उबदार मळ्यांपेक्षा रानाच्या कडेचे, वरचे, एकेकाळी दुय्यम समजलेले तुकडे मोलाचे वाटू लागले आहेत. आइसवाइनसाठी उणे ७ अंश किंवा त्याहून कडक थंडीत गोठलेली द्राक्षे पहाटे तोडावी लागतात. २०१९ च्या हंगामात जर्मनीच्या कोणत्याच प्रदेशात इतकी थंडी पडली नाही आणि त्या वर्षाची आइसवाइन निघालीच नाही.